जिवाणूला ताण ‘कळतो’ तेव्हा नेमके काय घडते?

परीक्षानळी (धागाकर्ता)

मी पदव्युत्तर वर्गाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. जिवाणूला ना मेंदू, ना मज्जातंतू, ना कातडी. मग भोवतालचे पाणी तापले, खारट झाले, अन्न संपले किंवा अंगावर अतिनील किरण पडले, हे त्याला कळते कसे, असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतोच. ‘संवेदक प्रथिनांमुळे’ असे दोन शब्दांत उत्तर देता येते आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. मला मात्र ते अपुरे वाटते, कारण त्यातून पेशीच्या आत एक लहानसा तापमापक टांगलेला आहे आणि पारा चढला की घंटा वाजते, असे चित्र मनात तयार होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्या यंत्रणांचा तपशील उलगडला, त्यांतील बऱ्याच यंत्रणांत असा वेगळा तापमापक सापडत नाही. उष्णतेने जे मोडते, त्या मोडतोडीचाच निरोप होतो. मला हे अतिशय सुंदर वाटते आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

उष्णतेपासून सुरुवात करतो. याचा पहिला धागा जिवाणूत नव्हे, फळमाशीत हाती लागला. १९६२ साली इटलीतील फेरुचिओ रितोसा यांनी फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी फुगवटे आल्याची नोंद प्रसिद्ध केली. उबवणी कपाटाचे तापमान कोणाकडून तरी वाढवले गेले होते, हे त्यामागचे कारण निघाले. असा फुगवटा ही त्या ठिकाणची जनुके जोमाने कामाला लागल्याची खूण असते. पुढे तशाच स्वरूपाचा प्रतिसाद जिवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र आढळला.

आता ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूकडे येऊ. कोणते जनुक कुठून वाचायला सुरुवात करायची, हे आरएनए पॉलिमरेज या विकराला स्वतःहून ठरवता येत नाही. त्यासाठी त्याला ‘सिग्मा’ नावाचा एक जोडघटक लागतो. ई. कोलायकडे असे सात सिग्मा आहेत. रोजचा संसार सिग्मा-७० चालवतो, तर उष्णतेच्या वेळी सिग्मा-३२ पुढे येतो. पेशी ३० अंश सेल्सिअसवरून एकदम ४२ अंशांवर नेल्या, तर सुमारे पाच मिनिटांत सिग्मा-३२चे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि मग ते पुन्हा उतरते. हे चढणे आणि उतरणे दोन वेगळ्या वाटांनी घडते.

पहिली वाट आरएनएच्या घडीची आहे. सिग्मा-३२ बनवण्याचा संदेश-आरएनए पेशीत आधीपासूनच तयार असतो, परंतु तो स्वतःवरच दुमडलेला असल्यामुळे रायबोसोमने, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्राने, जिथे पकड घ्यायची ती जागा झाकलेली राहते. तापमान चढले की ही घडी सैल होते, जागा उघडी पडते आणि प्रथिन तयार होऊ लागते. नव्याने काही लिहावे लागत नाही, कोणी निरोप आणावा लागत नाही.

दुसरी वाट मला त्याहून अधिक विचार करायला लावते. साध्या तापमानाला सिग्मा-३२ तयार झाले तरी त्याचे अर्धायुष्य जेमतेम एका मिनिटाचे असते. डीएनएके, डीएनएजे, ग्रोईएल ही चॅपरोन प्रथिने, म्हणजे इतर प्रथिनांच्या घड्या नीट बसवून देणारी प्रथिने, त्याला धरतात, आणि पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, बसलेले एफटीएसएच हे विकर त्याचे तुकडे करते. उष्णतेने पेशीतील प्रथिनांच्या घड्या उसवल्या की सारी चॅपरोन त्या डागडुजीत गुंततात, सिग्मा-३२ला धरायला कोणी मोकळे उरत नाही आणि ते साठू लागते. ते ज्या जनुकांना जागे करते त्यांत याच चॅपरोनांची जनुके असतात. चॅपरोन वाढतात, डागडुजी उरकते, मोकळी झालेली चॅपरोन पुन्हा सिग्मा-३२ला पकडतात आणि सारे पूर्ववत होते. म्हणजे या वाटेने पेशी तापमान मोजत नाही, तर आपल्याकडे हाताशी किती चॅपरोन मोकळी आहेत हे मोजते. म्हणूनच तापमान मुळीच न वाढवता नुसता अल्कोहोल घातला तरी हाच प्रतिसाद सुरू होतो, कारण अल्कोहोलनेही प्रथिनांच्या घड्या बिघडतात.

मीठ, आम्ल, उपासमार, किरणोत्सर्ग या ताणांविषयी ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी इथे लिहावे, आणि माझा मुद्दा जिथे टिकत नसेल तिथे तो अवश्य खोडून काढावा.


शब्दवेल्हाळ

लेखन आवडले, परंतु एक आक्षेप नोंदवतो. ‘पेशी मोजते’, ‘पेशीला कळते’ हे शब्द आपण वापरता आणि त्याच वेळी आत कळणारे कोणी नाही, असेही म्हणता. रसायनांचा तोल इकडून तिकडे सरकला एवढेच घडत असेल, तर तेवढेच म्हणावे. नाहीतर वाचकाच्या मनात तोच तापमापक पुन्हा टांगला जाईल.


परीक्षानळी

आक्षेप रास्त आहे आणि ‘मोजते’ हा शब्द मी मागे घेतो. ‘कळते’ मात्र सोडवत नाही, आणि त्याला कारण आपल्या भाषेतच आहे. ‘मला थंडी वाजते’, ‘मला ठेच लागली’, ‘त्याला उन्हाची झळ लागली’ या वाक्यांत वाजणारी थंडी असते, लागणारी ठेच असते आणि लागणारी झळ असते. ज्याच्या बाबतीत ते घडते तो चतुर्थीत बाजूला उभा असतो. ‘जिवाणूला ताण कळतो’ या वाक्यातही कर्तेपण ताणाकडेच आहे. सिग्मा-३२च्या बाबतीत जे घडते त्याचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. यापुढे मी ‘ठरवतो’, ‘निर्णय घेतो’ असे शब्द टाळीन आणि ‘झळ लागते’ अशा वाक्यरचनेला धरून राहीन.


मिठागर

मी परासरणावर, म्हणजे पटलातून पाण्याच्या आत-बाहेर जाण्यावर, काम केले आहे, म्हणून मीठपाण्याची बाजू मांडतो. ती धागाकर्त्यांच्या मुद्द्याला बळ देणारी आहे.

जिवाणूच्या आत विरघळलेले पदार्थ बाहेरच्यापेक्षा दाट असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहते आणि पेशी आतून फुगलेल्या चाकासारखी ताठ असते. उन्हाळाभर तापलेल्या मातीतील एखाद्या जिवाणूची कल्पना करा. माती सुकत जाते तसतशी त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातील क्षारांची दाटी वाढत जाते आणि तोही आपल्या आत पदार्थ साठवून तिच्याशी बरोबरी साधतो. मग मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि बाहेरचे पाणी क्षणात गोडे होते. पाणी इतक्या वेगाने आत घुसते की जनुक वाचून, प्रथिन बनवून काही करायला सवड नसते. पटल फाटण्याची वेळ येते.

अशा वेळी पटलातील झडपा उघडतात. एमएससीएल ही त्यांतील सर्वांत मोठी. ती उघडली की तिचे भोक सुमारे तीन नॅनोमीटर रुंद होते आणि आतले आयन व लहान रेणू भसाभस बाहेर पडून दाब उतरतो. या झडपेला उघडायला कोण सांगते, याचे उत्तर १९९४ साली मिळाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चिंग कुंग यांच्या गटाने हे प्रथिन वेगळे काढून नुसत्या कृत्रिम मेदपटलात बसवले. पेशीतले दुसरे काहीही तिथे नव्हते, तरीही पटल ताणताच झडप उघडली. म्हणजे पटलाचा ताण हाच तिचा निरोप आहे. १९९९ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील इयन बूथ यांच्या गटाने एमएससीएल आणि तिची धाकटी जोडीदार एमएससीएस या दोन्ही झडपा नसलेले ई. कोलाय तयार केले. एरवी ते व्यवस्थित वाढत होते, पण खाऱ्या माध्यमातून एकदम गोड्या पाण्यात टाकताच त्यांतील बहुतेक फुटून मेले.

सुकलेली माती भिजल्यावर तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो, हे बर्च यांनी १९५०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतील मातीवर दाखवले. जिवाणूंनी अशा वेळी बाहेर टाकलेल्या पदार्थांवर इतरांनी ताव मारणे, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

उलट दिशेची अडचण, म्हणजे बाहेर मीठ वाढणे, ही सावकाशीने सोडवली जाते. ई. कोलाय आधी पोटॅशियम आत ओढतो आणि त्याच्या धनभाराला जोड म्हणून ग्लुटामेट साठवतो. पोटॅशियम फार वाढले तर विकरांच्या कामात अडथळा येतो, म्हणून ही तात्पुरती सोय असते. पुढे तो ट्रेहॅलोज बनवतो किंवा बाहेर मिळत असेल तर ग्लायसीन बीटेन आत घेतो. हे रेणू कितीही साठले तरी प्रथिनांच्या घड्यांना बाधत नाहीत. लोणच्यातील मीठ बहुतेक जिवाणूंना थोपवते ते असे, की आतले पाणी टिकवण्याचा हा खर्च त्यांना परवडेनासा होतो.

जाता जाता लोणारचा उल्लेख करतो. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे सांगितले. पाणी आटले होते, क्षारता चढली होती. आर्किया हे जिवाणू नव्हेत, ती सजीवांची निराळी शाखा आहे. त्यांतील या क्षारप्रिय कुळाची रीतही वेगळी असते : ते पोटॅशियम तात्पुरते न ठेवता कायमच भरून ठेवतात, कारण त्यांची प्रथिनेच त्या खारटपणात नीट राहतील अशी घडलेली असतात. त्यामुळे पाणी गोडे झाले की अडचण त्यांची होते.


पडताळा

दोन्ही लेखन उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांच्या विधानाची व्याप्ती मला जास्त वाटते. बिघाड झाल्यावरच जाग येते, हे सर्वत्र खरे नाही. मोडतोड होण्याच्या आधीच बाहेरची खबर आत पोचवणाऱ्या यंत्रणा जिवाणूंत भरपूर आहेत, आणि त्यांना संवेदक म्हणण्यात काहीच चूक नाही.

द्विघटकी यंत्रणेचे उदाहरण घ्या. पटलात एक हिस्टिडीन किनेज, म्हणजे फॉस्फेट जोडणारे विकर, असते. त्याला बाहेरचा किंवा पटलाजवळचा बदल जाणवला की ते एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेट आपल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर घेते आणि पेशीतील दुसऱ्या प्रथिनाच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लावर सोपवते; फॉस्फेट मिळालेले हे दुसरे प्रथिन मग जनुके चालू किंवा बंद करते. एकट्या ई. कोलायमध्ये अशा सुमारे तीस जोड्या आहेत. त्यांतील एन्व्हीझेड व ओएमपीआर ही जोडी भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांची दाटी वाढली की बाह्यपटलातील रुंद छिद्रांची प्रथिने कमी करून किंचित अरुंद छिद्रांची वाढवते. साल्मोनेला या अन्नातून बाधणाऱ्या जिवाणूचे फोक्यू हे किनेज मॅग्नेशियमची टंचाई, आम्लता आणि आपल्या शरीरातील जिवाणूनाशक पेप्टाइडे यांना प्रतिसाद देते, म्हणजे आपण आता यजमानाच्या भक्षक पेशीत आहोत याच्या सगळ्या खुणा एकाच ठिकाणी वाचल्या जातात. इथे काय मोडले?

दुसरे उदाहरण ऑक्सीआर या प्रथिनाचे. पांढऱ्या पेशी जिवाणूवर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. ऑक्सीआरमध्ये सिस्टीनच्या दोन गंधकयुक्त जागा आहेत. पेरॉक्साइड येताच त्यांच्यात बंध जुळतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेरॉक्साइड फोडणाऱ्या कॅटॅलेजसारख्या विकरांची जनुके जागी होतात. डीएनएला घातक इजा होईल त्याहून कितीतरी कमी पेरॉक्साइडला हे घडते. आग लागण्याची वाट न पाहता धुरानेच जाग येण्याचा हा प्रकार आहे.


परीक्षानळी

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ विधान मी आवरते घेतो. सर्व प्रतिसाद मोडतोडीतून उगवत नाहीत. ऑक्सीआरविषयी मात्र एक भर घालावीशी वाटते. तो बंध पुन्हा सोडवण्याचे काम ग्लुटारेडॉक्सिन हे प्रथिन करते, आणि ग्लुटारेडॉक्सिनचे जनुक स्वतः ऑक्सीआरच जागे करते. जागे होतानाच पुन्हा निजण्याची तजवीज करून ठेवायची, हा प्रकार सिग्मा-३२मध्येही आपण पाहिला. शिकवताना आपण प्रतिसाद सुरू कसा होतो यावर तास खर्च करतो आणि तो थांबतो कसा हे एका वाक्यात उरकतो, ही माझ्याही शिकवण्यातली उणीव आहे. ताण ओसरल्यावरही चॅपरोन आणि प्रथिने तोडणारी विकरे भरमसाट बनत राहिली, तर पेशीची वाढ खुंटते.


उपाशी_वसाहत

उपासमारीवर कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना, अमिनो आम्लांची उपासमार केलेल्या ई. कोलायच्या अर्कात, क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीच्या, फिल्मवर एक अनपेक्षित ठिपका दिसला. त्यांनी त्याला ‘जादूचा ठिपका’ म्हटले. आज तो पीपीजीपीपी या नावाने ओळखला जातो. अमिनो आम्ल संपले की ते वाहून आणणारा टीआरएनए रिकाम्या हाताने रायबोसोमपाशी येतो. त्या रिकाम्या टीआरएनएमुळे तिथले रेलए हे विकर कामाला लागते आणि पीपीजीपीपी तयार करते, जे नवे रायबोसोम बनवणे थांबवून अमिनो आम्ले बनवणारी जनुके पुढे आणते. पडताळा यांच्या प्रश्नाला धरून सांगायचे तर इथेही मोडलेले काही नाही. चालू असलेले काम अडले, आणि अडलेल्या जागेवरूनच खबर निघाली.

याला जोडून सिग्मा-एसचाही उल्लेख हवा. वाढ मंदावली की हा सिग्मा टिकू लागतो आणि जवळजवळ पाचशे जनुकांवर त्याचा प्रभाव पडतो. त्यामुळे उपाशी ई. कोलाय भुकेबरोबरच उष्णता, पेरॉक्साइड आणि आम्ल यांनाही भरल्या पोटीच्या ई. कोलायपेक्षा चांगला टिकतो. एका ताणाने दुसऱ्याची तयारी होते, ही गोष्ट अन्नप्रक्रियेत काम करणाऱ्यांनी फार गांभीर्याने घेण्यासारखी आहे. साल्मोनेला आधी सौम्य आम्लात राहिला असेल, तर पुढे एरवी मारक ठरणारे आम्लही तो सोसतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे.


रुग्णसेवक

मी डॉक्टर आहे आणि माझ्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे अंग प्रतिजैविकांचे आहे, कारण जिवाणूसाठी प्रतिजैविक हाही एक ताणच असतो.

सिप्रोफ्लॉक्सासिनचे उदाहरण घेतो. ते डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या विकरांना अडकवते आणि त्यातून डीएनए तुटतो. तुटलेल्या जागी डीएनएचा एकेरी धागा उघडा पडतो आणि त्यावर रेकए हे प्रथिन ओळीने जमते. पेशीत लेक्सए नावाचे दुसरे प्रथिन दुरुस्तीच्या चाळीसेक जनुकांवर झाकण घालून बसलेले असते. रेकएच्या त्या ओळीशी गाठ पडताच लेक्सए स्वतःचेच दोन तुकडे करून घेते आणि झाकण उघडते. यालाच एसओएस प्रतिसाद म्हणतात. हे नाव १९७०च्या दशकात मिरोस्लाव रादमान यांनी दिले, आणि ही कल्पना घडवण्यात एव्हलिन विटकिन यांच्या अतिनील किरणांवरील कामाचा फार मोठा वाटा आहे. या जनुकांपैकी सुलए पेशीचे विभाजन रोखून धरते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली असे जिवाणू लांबच लांब तंतूंसारखे दिसतात. दुरुस्ती साधली नाही तर शेवटी एक असे पॉलिमरेज येते, जे बिघडलेल्या डीएनएवरूनही पुढे लिहीत जाते, पण चुका करत जाते. त्या चुकांतून उत्परिवर्तने वाढतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लेक्सएचे तुकडे होऊच शकणार नाहीत असे ई. कोलाय उंदरांत सोडून सिप्रोफ्लॉक्सासिन दिले, तेव्हा त्यांच्यात प्रतिकार निर्माण झाला नाही.

या चर्चेला छेद देणारी एक गोष्टही सांगायला हवी. डब्लिनमधील जोसेफ बिगर यांनी १९४४ साली स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिन घातले, तेव्हा दहा लाखांत एखादा जिवाणू जिवंत राहिल्याचे त्यांना आढळले. त्याची पिल्लावळ मात्र पुन्हा पेनिसिलिनला पहिल्यासारखीच बळी पडत होती, म्हणजे हा आनुवंशिक प्रतिकार नव्हता. २००४ साली नताली बालबान आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकातून नजर ठेवून दाखवले, की असे तग धरणारे जिवाणू औषध येण्याआधीपासूनच जवळजवळ न वाढता पडून होते. औषधाची चाहूल लागून ते निजले नव्हते. मोठ्या वसाहतीत काही पेशी कारणाशिवायच निजलेल्या राहतात आणि संकट आले तर त्याच वाचतात. चिवट संसर्ग उपचारानंतर पुन्हा उसळतो तेव्हा मला बिगर यांचा हा प्रयोग आठवतो.


शब्दवेल्हाळ

डॉक्टरसाहेब, चुका करणारे पॉलिमरेज संकटातच बाहेर येते, यावरून जिवाणू हवी ती उत्परिवर्तने मुद्दाम घडवतो, असे कोणी म्हणाले तर?


रुग्णसेवक

तसे म्हणता येणार नाही. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी विषाणूला दाद न देणारी ई. कोलायची उत्परिवर्तने विषाणूची गाठ पडण्याआधीच, योगायोगाने झालेली असतात, हे दाखवले. १९८८ साली जॉन केर्न्स यांनी उपाशी पेशींत उपयोगी उत्परिवर्तने अधिक होतात की काय, असा प्रश्न उपस्थित केला आणि त्यावर बरीच वर्षे वाद चालला. त्यातून पुढे आले ते असे, की ताणाखाली काही पेशींत उत्परिवर्तनांचा वेग वाढू शकतो, पण उपयोगी तेवढेच बदल निवडून घडवणारी यंत्रणा सापडलेली नाही. निरुपयोगी आणि घातक बदलही त्याच वेगाने होतात.


सुगरण

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, पण सारा धागा वाचला. माझी शंका घरातली आहे. रात्रीचा भात सकाळी कढईत चांगला चरचरीत परतला, तरी तो कधीकधी बाधतो. इतक्या उष्णतेत जिवाणू मरत नाहीत का? आणि मरत असतील, तर बाधते ते काय?


परीक्षानळी

सुगरणताई, आपल्या शंकेने धागा नेमका हवा तिथे आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाताशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो बॅसिलस सीरियस. तांदळावर त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची निजलेली, चिवट रूपे, मातीतूनच आलेले असतात आणि भात शिजण्याच्या उष्णतेत ते टिकून राहतात. भात पातेल्यात तसाच ओट्यावर राहिला, की तो कोमट असताना बीजाणू उमलतात, जिवाणू वाढतात आणि त्यांतील काही वाण सेरुलाइड नावाचे विष सोडतात. सकाळच्या परतण्यात जिवाणू मरतात, पण ते विष उष्णतेला दाद देत नाही आणि उलट्या होतात त्या त्याने. म्हणून उरलेला भात पसरून लवकर निववावा आणि शीतकपाटात ठेवावा. नंतर कितीही परतून उपयोग नसतो.

बीजाणू कसा बनतो हे बॅसिलस सबटिलिस या त्याच्या निरुपद्रवी भावंडात फार तपशिलाने अभ्यासले गेले आहे. अन्न संपत आले आणि जिवाणूंची दाटी झाली, की काही किनेजे फॉस्फेट उचलतात. ते फॉस्फेट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, असे हातोहात जात शेवटी स्पो-शून्य-ए या प्रथिनावर पोचते. पडताळा यांनी सांगितलेली द्विघटकी यंत्रणाच इथे लांबवलेली आहे, आणि वाटेत काही टप्प्यांवर फॉस्फेट काढून घेणारी विकरेही बसलेली आहेत. त्यामुळे एका खुणेवर भागत नाही. अनेक खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, तरच पुरेसे फॉस्फेट शेवटपर्यंत पोचते. ही काळजी समजण्यासारखी आहे, कारण बीजाणू बनायला सात-आठ तास लागतात आणि एका टप्प्यापुढे माघार घेता येत नाही.

फॉस्फेट पोचल्यावर पेशी मधोमध न विभागता एका टोकाला विभागते. मोठा भाग लहान भागाला गिळून आत घेतो, त्याच्याभोवती थरांवर थर चढवतो आणि शेवटी स्वतः फुटून जातो. आतल्या बीजाणूत पाणी फार थोडे उरते, गाभ्यात कॅल्शियमबरोबर डायपिकोलिनिक आम्ल भरलेले असते आणि डीएनए लहान प्रथिनांनी वेढलेला असतो. हे काम इतके खर्चिक आहे की ते टाळण्याचाही एक मार्ग आहे. ज्या पेशींत स्पो-शून्य-ए आधी जागे झाले, त्या विष सोडून न जागलेल्या भावंडांना फोडतात आणि त्यांच्यावर पोसून बीजाणू होणे लांबवतात. हार्वर्डच्या रिचर्ड लोसिक यांच्या गटाने २००३ साली हे दाखवले तेव्हा मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला होता.

या बीजाणूंमुळेच प्रयोगशाळेत आम्ही नुसत्या उकळण्यावर विसंबत नाही, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवतो. १८७७ साली जॉन टिंडल यांनी दुसरी युक्ती काढली होती. गवताचा काढा ते थोडा वेळ उकळत, थांबत आणि पुन्हा उकळत. मधल्या वेळात बीजाणू उमलत आणि उमलल्यावर पुढच्या उकळीत मरत.


नवांकुर

सर, मी द्वितीय वर्षात शिकते. टिंडल यांच्या प्रयोगावरूनच विचारते. बीजाणूत चयापचय जवळजवळ थांबलेला असतो असे आम्हाला शिकवले आहे. एटीपी नाही, नवे प्रथिन बनत नाही, मग बाहेर पुन्हा अन्न आले हे त्याला कळते कसे? आणि क्षणभरच अन्न आले व संपले, तर तो फसत नाही का?


परीक्षानळी

पहिल्या भागाचे उत्तर बरेच आधीपासून माहीत आहे. बीजाणूच्या आतल्या पटलात काही ग्राही प्रथिने तयार होऊन बसलेली असतात. एल-ॲलॅनिनसारखे अमिनो आम्ल त्यांना चिकटले की डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडू लागते, पाणी आत येते आणि बीजाणू उमलतो. हे सारे साहित्य निजण्याआधीच रचून ठेवलेले असते, त्यामुळे उठताना काही नवे बनवावे लागत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील गुरोल सुएल यांच्या गटाने प्रसिद्ध केले. त्यांनी बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंना अन्नाचा अगदी थोडा वेळ स्पर्श होऊ दिला, इतका थोडा की बहुतेक बीजाणू उमललेच नाहीत. ते तसेच निजलेले दिसत होते, परंतु काही वेळाने तसाच दुसरा स्पर्श झाला तेव्हा उमलणाऱ्यांची संख्या वाढली. पहिला स्पर्श कुठेतरी नोंदला गेला होता. ती नोंद पोटॅशियमची होती. बीजाणू बनताना गाभ्यात पोटॅशियम भरून ठेवलेले असते, आणि अन्नाच्या प्रत्येक स्पर्शासरशी त्यातील थोडे बाहेर झिरपते. दाट बाजूकडून विरळ बाजूकडे जायला आयनांना ऊर्जा लागत नाही, म्हणून चयापचय थांबलेला असतानाही हे घडू शकते. आतबाहेरच्या विद्युतभारातील फरक असा पायरीपायरीने बदलत जातो आणि ठरावीक उंबरठा ओलांडला की बीजाणू उमलतो. एखाद्याच क्षणिक स्पर्शाने तो उंबरठा सहसा गाठला जात नाही, म्हणून बीजाणू सहजी फसत नाही.

मिठागर यांनी वर लिहिले होते की मीठ वाढले म्हणजे ई. कोलाय सर्वांत आधी पोटॅशियम आत ओढतो. इथे तेच पोटॅशियम, तेवढ्याच साधेपणाने, उलट दिशेने चालले आहे.